कपोलाचा ड्रॅक्युला: भांडण देवाशी की पाद्र्याशी?

पारंबी

नमस्कार मंडळी,

फ्रान्सिस फोर्ड कपोलाचा १९९२ सालचा ‘ड्रॅक्युला’ परत पाहिला आणि सुरुवातीच्या काही मिनिटांतच अडकून बसले. धागा त्याबद्दलच आहे. शेवटही सांगणार आहे, त्यामुळे पाहिला नसेल तर इथूनच मागे फिरा. तीस वर्षं उलटून गेलीत, आता रहस्यभेदाची तक्रार ऐकून घेतली जाणार नाही.

१४६२ साल. कॉन्स्टॅन्टिनोपल पडून नऊ वर्षं झालेली. व्लाड, म्हणजे पुढचा काउंट ड्रॅक्युला, तुर्कांवर चालून जातो. लढाई सावल्यांच्या बाहुल्यांसारखी दाखवलीय: मागे लालभडक आकाश, पुढे काळ्या आकृत्या, सुळांवर चढवलेली माणसं. व्लाडचं चिलखत म्हणजे कातडी सोलून आतले स्नायू उघडे पडावेत तसं. (एइको इशिओकाला या सिनेमाच्या कपड्यांसाठी ऑस्कर मिळालं. नसतं मिळालं तर मी उपोषणाला बसले असते.) तो जिंकतो, पण तुर्क बाणासोबत गडात खोटी बातमी धाडतात की व्लाड मेला. त्याची बायको एलिझाबेटा वरून नदीत उडी घेते. व्लाड परततो तेव्हा गडावरच्या चॅपेलात तिचं प्रेत ठेवलेलं असतं आणि पाद्री सांगतो, हिने स्वतःचा जीव घेतला, हिच्या आत्म्याला तारण नाही, देवाचा कायदाच तसा आहे.

ज्या देवासाठी हा लढून आला त्याच्याच घरात हे ऐकावं लागतं. तो देवाचा त्याग करतो, दगडी क्रुसात तलवार खुपसतो. क्रुसातून रक्त वाहायला लागतं, देवदूताच्या डोळ्यांतून ओघळतं, आणि तेच रक्त तो पेल्यात भरून पितो. मिस्सेत (कॅथलिक उपासनेत) जे द्राक्षरसाने होतं, ते इथे त्याने उलटं करून दाखवलं.

ब्रॅम स्टोकरच्या १८९७ च्या कादंबरीत हे काहीच नाही. तिथल्या काउंटला तुर्कांशी लढल्याचा माज आहे, पण आत्महत्या करणारी बायको नाही की पाद्र्याचा निवाडा नाही. तिथे त्याची विद्या सैतानाच्या शाळेतली. आणि धर्म काय करतो? धर्म वाचवतो. जोनाथन हार्कर हा इंग्लंडच्या चर्चमधला सरळसोट वकील. बिस्ट्रिट्झच्या खाणावळीतली म्हातारी त्याच्या गळ्यात क्रूस घालते तेव्हा तो अवघडतो, कारण असल्या वस्तू म्हणजे मूर्तिपूजा असं त्याला शिकवलेलं. पुढे दाढी करताना कापतं, रक्त पाहून काउंट गळ्यावर झेपावतो, आणि हात जपमाळेला लागताच मागे सरतो. स्टोकर डब्लिनचा प्रोटेस्टंट. त्याने अख्खं पुस्तक असं रचलंय की डच कॅथलिक डॉक्टर व्हॅन हेलसिंग प्रोटेस्टंट सभ्य गृहस्थांना क्रूस आणि ख्रिस्तप्रसाद कसा वापरायचा ते शिकवतो, आणि ते निमूट शिकतात.

कपोला आणि पटकथाकार जेम्स हार्ट यांनी ही घडीच मोडली. पुस्तकात धर्म हे औषध. सिनेमात दुखणंही तिथूनच सुरू होतं. आणि ही गोष्ट संवादात न सांगता पात्रनिवडीत सांगितलीय: एलिझाबेटाला नाकारणारा पाद्री आणि चारशे वर्षांनी क्रूस घेऊन आलेला व्हॅन हेलसिंग, दोघंही अँथनी हॉपकिन्स! त्यातून हा व्हॅन हेलसिंग अर्धवट वेडा. हार्करच्या बायकोची, मीनाची, मैत्रीण ल्यूसी पिशाच होते; तिचं मुंडकं उडालं की कट थेट जेवणाच्या टेबलावर, भाजलेल्या मांसाचे काप पडताहेत आणि गुरुजी खाता खाता तिच्याबद्दल सांगताहेत.

आता शेवट. तेच चॅपेल. मरताना ड्रॅक्युला झालेल्या गॅरी ओल्डमनच्या तोंडी शब्द येतात ते क्रुसावरच्या येशूचे: देवाने मला टाकलं, आणि संपलं. बाहेर हार्कर इतरांना अडवतो. आत फक्त मीना, जिच्यात व्लाडला एलिझाबेटा दिसते. प्रकाश पडतो, त्याचा चेहरा पुन्हा माणसाचा होतो, मीना तलवार पार घुसवते, शिर उतरवते, आणि छतावरच्या चित्रात व्लाड-एलिझाबेटा एकत्र दिसतात. चॅपेलात पाद्री नाही. तारण केलं ते एका बाईने, तेही दुसऱ्याच्या लग्नाच्या बायकोने.

हा सिनेमा आला तेव्हा आणि नंतरही ‘कामुक’, ‘भडक’, ‘धर्माची टिंगल’ असं बरंच ऐकलं. मला तो पुस्तकापेक्षा जास्त धार्मिक वाटतो. पुस्तकातला काउंट क्रुसाला घाबरतो. हा क्रुसावर रुसलाय. व्हॅन हेलसिंग क्रूस उगारतो तेव्हा हा म्हणतो की याच क्रुसाची चाकरी केली आहे मी, आणि क्रूस पेट घेतो. ज्याचा देवावर विश्वासच नाही तो इतका चिडेल कशाला? त्याचं खरं भांडण देवाच्या नावाने निकाल देणाऱ्याशी आहे, असं माझं मत. तुम्हाला काय वाटतं?

मधलीसुट्टी

लेख आवडला. हार्कर झालेल्या कियानू रीव्ह्जच्या इंग्रजी उच्चारांना सुळावर चढवायचं राहिलं का? :)

पारंबी

त्यासाठी वेगळा धागा काढा. पहिला प्रतिसाद माझा.

वसईचा वाडवळ

पारंबीताई, उत्तम. कॅथलिक म्हणून दोन-तीन गोष्टी.

तो निवाडा पटकथेतला अतिरेक नाही. जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्याला चर्चचा अंत्यविधी नाही हा नियम फार जुना, सहाव्या शतकातल्या ब्रागाच्या धर्मपरिषदेपासूनचा. १९१७ च्या धर्मसंहितेतही तो स्पष्ट होता. १९८३ च्या नव्या संहितेत आत्महत्या त्या यादीतून वगळली. आमच्याकडची जुनी माणसं अजून ‘दफनभूमीच्या कुंपणाबाहेर’ असा शब्दप्रयोग करतात, तो त्यातूनच. आता फादर स्वतः घरी येतात, मिस्सा होते, कोणी प्रश्न विचारत नाही. पण ‘तिला नरक मिळाला’ असा निकाल द्यायचा अधिकार १४६२ मध्येही कुठल्या पाद्र्याला नव्हता. विधी नाकारणं वेगळं आणि आत्म्याचा निकाल लावणं वेगळं. सिनेमातला पाद्री दोन्ही एकत्र करतो, आणि तुमचा मुद्दा तिथे पक्का होतो.

शिवाय हा पाद्री आमचा नव्हे बरं का! व्लाडचा वालाकिया म्हणजे ऑर्थोडॉक्स मुलूख. कपोलाला हे माहीत होतं, म्हणून मीना-जोनाथनचं लग्नही ऑर्थोडॉक्स पद्धतीने लागतं. पुस्तकात ते बुडापेस्टच्या इस्पितळात इंग्रजी मिशनचा पाद्री लावतो. आणि ते लग्न सिनेमात कशाला जोडलंय पाहा: इकडे मंत्र आणि मेणबत्त्या, तिकडे ल्यूसीचा शेवट, आलटून पालटून. (विनोना रायडरने २०१८ मध्ये सांगितलं होतं की लग्न लावणारा पाद्री खराखुरा होता, त्यामुळे आपलं खरंच लग्न झालंय बहुतेक.)

आणि पुस्तकाला तुम्ही फार सोज्वळ ठरवलंत. त्यातला व्हॅन हेलसिंग ख्रिस्तप्रसादाचा चुरा करून तो लांबीसारखा मळतो आणि ल्यूसीच्या थडग्याच्या फटी बुजवतो! वर सांगतो, माझ्याकडे इंडल्जन्स आहे. इंडल्जन्स म्हणजे परवाना नव्हे, क्षमा झालेल्या पापाच्या उरलेल्या शिक्षेतली सूट. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ गप्प बसलो होतो. हे कॅथलिक माणसाने लिहिलेलं नाही हे त्या एका पानावरून कळतं. स्टोकरला आमच्या वस्तू हव्या होत्या, श्रद्धा नको होती.

तळघर

वाडवळकाका, लांबीचं भारी पकडलंत.

पारंबी, पुस्तकाच्या वतीने थोडं भांडतो. तुम्ही म्हणता आत्महत्येचा धागा पुस्तकात नाही. आहे, फक्त कोपऱ्यात आहे. व्हिटबीच्या कड्यावरच्या चर्चच्या आवारात ल्यूसीचा आवडता बाक असतो ना, तो एका आत्महत्या केलेल्या माणसाच्या थडग्यावर आहे. म्हातारा स्वेल्स हे सांगतो तेव्हा ल्यूसी हिरमुसते, आता या बाकावर बसायचं कसं म्हणून. तिच्यावर पहिला हल्ला तिथेच होतो. पुढे व्हॅन हेलसिंग स्पष्ट करतो की काउंट पवित्र जमिनीत राहू शकत नव्हता, पण आत्महत्येच्या थडग्यात त्याला जागा मिळाली. म्हणजे चर्चने ज्याला बाहेर टाकलं ती जागा सैतानाला मोकळी. सिनेमाने हाच कोपरा उचलून मधोमध आणला.

आणि खुंट्याचं मूळही तिथेच येतं. इंग्लंडमध्ये १८२३ च्या कायद्यापर्यंत आत्महत्या केलेल्याला चौरस्त्यावर पुरायची, अंगातून खुंटा ठोकायची चाल होती. स्टोकरच्या वाचकांच्या आजोबांनी ते पाहिलेलं असणार. रक्तपिपासूच्या छातीतला खुंटा इंग्रज वाचकाला परका वाटला नसेल.

प्रेमाचं बीसुद्धा आहे. तिघी बायका काउंटाला म्हणतात, तू कधी प्रेम केलंच नाहीस. तो म्हणतो, मीही प्रेम करू शकतो, तुम्हाला ठाऊक आहे. शेवटी तो मरताना त्याच्या चेहऱ्यावर शांती दिसली असं मीनाच लिहिते, आणि त्याआधी सगळ्यांना बजावते की हे सगळं दुःख ज्याने घडवलं त्या जीवाची अवस्था सर्वांत केविलवाणी आहे. कपोलाने चार वाक्यांचं झाड केलं, एवढंच.

अवांतर: पुस्तकात काउंटाचा गळा चिरला जातो तो हार्करच्या कुकरीने. गुरख्यांचं हत्यार. साम्राज्याचा माल, क्रुसाइतकाच कामाला आला.

पारंबी

ती वाक्यं माहीत आहेत, म्हणूनच फरक मोठा वाटतो. पुस्तकातली मीना दया दाखवते, पण काउंट स्वतः कधीच काही मागत नाही. आणि रक्त पिण्याचा प्रसंग? पुस्तकात तो बळजबरीने तिचं तोंड आपल्या छातीवर दाबतो, नंतर ती ‘अपवित्र, अपवित्र’ म्हणून आक्रोश करते. सिनेमात तो मागे सरतो, तुला शापित करणार नाही म्हणतो, आणि ती स्वतःहून पुढे होते. बायबल रक्त खायला सक्त मनाई करतं, का तर रक्त हेच जीवन. (लेवीय १७, अनुवाद १२. पुस्तकातल्या वेड्यांच्या इस्पितळातल्या रेनफिल्डच्या तोंडी तेच आहे.) त्या मनाईचं पुस्तकात अत्याचारात रूपांतर होतं, सिनेमात लग्नात. याला चार वाक्यांचं झाड म्हणणं म्हणजे जरा जास्तच!

गोदाकाठ

वाचून एक मनात आलं. त्या पाद्र्याच्या जागी आपल्याकडचा कोणी असता तर अपमृत्यूवर उपाय सांगितला असता. त्र्यंबकेश्वरला नारायणबली त्यासाठीच होतो, नागबलीसह तीन दिवसांचा विधी. आत्महत्या, अपघात, कुणाचंही. आपल्या धर्मात कायमचं दार बंद नाही. व्लाड नाशिकला आला असता तर सिनेमाच झाला नसता.

अर्धवट वकील

गोदाकाठ, शेवटचं वाक्य झकास, पण इतकी पाठ थोपटून घेऊ नका. मनुस्मृतीचा पाचवा अध्याय काढा: ‘आत्मनस्त्यागिनां चैव निवर्तेतोदकक्रिया’. आत्मघात करणाऱ्याला पाणीसुद्धा द्यायचं नाही. तुमचा नारायणबली त्यावरचा तोडगा आहे, आणि तोडगा काढावा लागला कारण दार बंदच होतं. गावोगावच्या विहिरींवरच्या हडळींच्या गोष्टी आठवा. त्यातल्या किती जणी सासरच्या जाचाने विहिरीत गेलेल्या? जाच करणारे गोष्टीत सुटतात आणि ती भूत होते. कपोलाच्या सिनेमात निदान भूत झाला तो नवरा.

गोदाकाठ

हडळीचं पटलं. मनूचं माहीत आहे, पण लोक मनू वाचून श्राद्ध करत नाहीत, गुरुजींना विचारून करतात. आणि गुरुजी वाट काढतात.

वसईचा वाडवळ

तेच आमच्याकडे. ‘त्या वेळी मनाचा तोल गेला होता’ एवढं म्हटलं की जुन्या नियमातही पाद्री विधी करू शकायचा. ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये ती पळवाट अजून चालते. एलिझाबेटाने नवरा मेल्याच्या खोट्या बातमीवर उडी घेतली. तोल गेला होता म्हणायला यापेक्षा चांगलं कारण कुठलं हवं? त्या पाद्र्याने विचारलंच नाही.

चहाटळ

सगळे मीना आणि व्लाडच्या पालखीचे भोई झालात. जरा ल्यूसीकडे बघा. तिचा गुन्हा काय? तीन मुलांनी मागणी घातली आणि तिला मजा वाटली. पुस्तकात ती म्हणते, मुलीला तिघांशी लग्न का करू देत नाहीत! सिनेमात मैत्रिणीबरोबर अरेबियन नाइट्समधली चावट चित्रं बघते. झालं, हिला लांडगा, खुंटा, शिरच्छेद, आणि ते पाल फणा काढते तसल्या कॉलरचं लग्नाचं पांढरं वस्त्र. मीनाही तीच चित्रं बघते, परपुरुषाबरोबर अॅबसिंथ पिते, त्याचं रक्त पिते, आणि शेवटी कपाळावरचा डाग पुसून देवाच्या प्रकाशात! ‘खरं प्रेम’ असलं की सगळं माफ, नुसती वासना असली की खिळा. १८९७ आणि १९९२ मध्ये फरक काय राहिला?

आणि सुरुवातीला काउंट डगल्याखालून तान्हं बाळ काढून त्या तिघींना देतो ते कोणाला आठवतंय का? बॅकग्राउंडला किलारचं संगीत वाजलं, मेणबत्त्या लागल्या, की ते बाळ सगळे विसरले.

मधलीसुट्टी

बाळाला +१. ल्यूसीला +१००.

परदेशस्थ

इथे जर्मनीत शेजारी तुर्की कुटुंब आहे. त्यांच्या आजोबांना व्लाड म्हटलं की ड्रॅक्युला आठवत नाही, ‘खुंटवाला व्होइवोद’ (म्हणजे सुळावर चढवणारा राजा) आठवतो, शाळेतल्या इतिहासातला. कपोलाच्या प्रस्तावनेत तो ख्रिस्ती जगाचा रखवालदार आहे. खरा व्लाड लहानपणी उस्मानी दरबारात ओलीस होता, ब्राशोव्हच्या ख्रिस्ती सॅक्सन व्यापाऱ्यांनाही त्याने सुळावर चढवलं, आणि १४६२ मध्येच त्याला कैद केलं ते हंगेरीच्या ख्रिस्ती राजाने. सिनेमाला हे परवडलं नसतं. देवाने दगा दिला असं वाटायचं तर आधी देवासाठीच लढलेला हवा.

इस्लामी देशांनी ही गोष्ट घेतली तेव्हा काय केलं ते मजेशीर आहे. तुर्कस्तानात १९५३ मध्ये ‘ड्राकुला इस्तंबूलमध्ये’ निघाला. क्रूस गायब, सगळी भिस्त लसणावर. १९६७ मध्ये लाहोरला ‘जिंदा लाश’ निघाला. तिथे क्रूस नाही आणि शापही नाही. एक प्रोफेसर अमर व्हायचं रसायन बनवतो, पितो आणि पिशाच होतो. मृत्यूवर मात करायला निघालेला माणूस, हाच गुन्हा. त्या धर्मचौकटीत ते चपखल बसतं. आणि रामसे बंधूंच्या ‘बंद दरवाजा’मधला नेवला (१९९०) आहेच आपल्याकडे.

तळघर

क्रूस चालतो तो वस्तू म्हणून की धरणाऱ्याच्या श्रद्धेमुळे, हा प्रश्न मग पुढे सगळ्यांना छळत राहिला. हॅमर कंपनीच्या १९५८ च्या सिनेमात पीटर कुशिंग दोन मेणबत्तीदाण्या आडव्यातिडव्या धरतो आणि काम भागतं, म्हणजे आकार पुरला. पोलान्स्कीच्या १९६७ च्या विनोदी सिनेमात ज्यू खाणावळवाला पिशाच होतो आणि त्याला क्रूस दाखवला की तो हसतो, चुकीचं गिऱ्हाईक पकडलंत म्हणून. आणि स्टीफन किंगच्या ‘सेलम्स लॉट’मध्ये (त्यावरच बेतलेली धारपांची ‘लुचाई’ वाचलेल्यांनी कान टवकारा) पाद्री फादर कॅलहनला पिशाच आव्हान देतो की क्रूस टाक आणि नुसत्या श्रद्धेवर उभा राहा. त्याची छाती होत नाही, आणि क्रुसाचं तेज विझतं. कपोलाचा पेटणारा क्रूस या ओळीतच येतो. तिथे पिशाचाचा संताप धरणाऱ्याच्या श्रद्धेपेक्षा मोठा ठरला.

गोदाकाठ

एगर्सचा २०२४ चा ‘नोस्फेराटू’, ड्रॅक्युलाचीच नावं बदललेली गोष्ट, यात कुठे बसतो? मला थिएटरात नुसतीच थंडी वाजली.

पारंबी

त्यात प्रेमबिम काही नाही, नुसती भूक. डोंगरातल्या जोगिणी थॉमसला (तिथल्या हार्करला) बरं करतात, ऑर्थोडॉक्स मठ तेवढा कामाचा. शहरातल्या सभ्य ख्रिस्ती घरात प्रार्थना होतात आणि एकही उपयोगी पडत नाही. शेवटी त्याची बायको एलेन स्वतःचा जीव देते. मूळ १९२२ च्या मूकपटातही तसंच. तिचा तो मृत्यू आत्महत्या की बलिदान, हे कोणी पाद्री विचारत नाही, आणि माझ्या दृष्टीने तिथे एलेन एलिझाबेटापेक्षा नशीबवान ठरली.

परदेशस्थ, ‘देवासाठी लढलेला हवा’ हे नेमकं बोललात. चहाटळ, ल्यूसीबद्दल तुमच्याशी सहमत, बाळाबद्दल अर्धी.

वसईचा वाडवळ

बाळाचा मुद्दा मला दोन दिवस सोडत नाहीये. आमच्या हिशोबात क्षमेला पश्चात्ताप लागतो. अख्ख्या सिनेमात व्लाडचा पश्चात्ताप म्हणावा असा एकच क्षण आहे, मीनाला रक्त द्यायला तो कचरतो तो. एका माणसाच्या वाट्याला आपलं दुःख येऊ नये एवढंच त्याला वाटतं. चारशे वर्षांच्या खात्यात तेवढी एक नोंद. पण येशूच्या शेजारी क्रुसावर टांगलेल्या चोरालाही शेवटच्या घटकेला तेवढ्यावरच आश्वासन मिळालं होतं. देवाने हिशोब ठेवला असता तर तोही सुटला नसता.

चहाटळ

काका, चोराने निदान आपला गुन्हा कबूल केला होता, आपल्याला मिळतंय ते योग्यच आहे म्हणाला होता. तुमच्या लूकच्या शुभवर्तमानातच आहे, तेविसावा अध्याय. काउंट शेवटपर्यंत ‘मला टाकलं’ एवढंच म्हणतो. त्याने कोणाकोणाला टाकलं त्यावर अवाक्षर नाही. मीनाने शिर उतरवलं ते चांगलं केलं, छतावरचं चित्र मात्र मला मंजूर नाही.